पिकअपचा एसी कमी गार करतोय? गॅस भरण्याआधीची तपासणी

एसी नीट गार करत नाही म्हटलं की बहुतेक गॅरेजात एकच उत्तर मिळतं: "गॅस मारून देतो." गॅस मारला की चार दिवस बरं वाटतं, कधी कधी तेही नाही. मेख अशी की एसीचा गॅस डिझेलसारखा जळून संपत नाही. बंद पाइपांतून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. रबरी होज आणि कंप्रेसरच्या (गॅस दाबणाऱ्या पंपाच्या) शाफ्ट सीलमधून थोडासा झिरपतो खरा, पण त्याला वर्षं लागतात. गॅस भरून सहा महिन्यांत एसी बसला तर ती गळती समजायची. आणि गॅस कमी झालेलाच नसेल, तर वरून घातलेला गॅस एसीला आणखी बिघडवतो.

बोलेरो कॅम्पर, योद्धा, डी-मॅक्स अशा एसी असलेल्या डिझेल पिकअप डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे. या गाड्यांमध्ये इंजिन उभं बसवलेलं असतं, म्हणजे बेल्टची बाजू रेडिएटरकडे. समोर कंडेन्सर (एसीची बाहेरची जाळी, तिथे गॅस उष्णता टाकून द्रव होतो), इंटरकूलर आणि रेडिएटर एकमेकांना चिकटून असतात. केबिन लहान असते, पण काच मोठी, छताला अस्तर पातळ आणि पायाखाली गिअरबॉक्स. कारच्या एसीबद्दल वाचलेलं बरंचसं इथे लागू पडतं, सगळं नाही.

सोबत ठेवायच्या वस्तू: काडीसारखं टोक असलेला डिजिटल थर्मामीटर (स्वयंपाकघरात वापरतात तोही चालतो), झाडांवर फवारतात तसला हातपंप, मल्टिमीटर, फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पात्या), टॉर्च आणि जाड कागद. गेजचा सेट, म्हणजे गॅसचं प्रेशर दाखवणारे दोन काटे, सगळ्यात शेवटी लागतो. निम्म्याअधिक तक्रारी त्याच्याआधीच सुटतात.

आधी तक्रार नेमकी काय ते ठरवा

"कमी गार होतो" हे निदानाला पुरत नाही. गाडी पळताना गार आणि सिग्नलला गरम, असं असेल तर कंडेन्सरला हवा मिळत नाही. सुरुवातीला छान गार, अर्ध्या तासाने हवेचा झोतच मंदावतो आणि गाडी दहा मिनिटं बंद ठेवली की पुन्हा ठीक, तर आत डॅशबोर्डमागे, हवा गार करणाऱ्या कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय. गार-गरम-गार असा खेळ चालू असेल तर कंप्रेसरचा क्लच (त्याला बेल्टच्या पुलीशी जोडणारी-सोडणारी चुंबकी प्लेट), प्रेशर स्विच किंवा सिस्टिममधलं पाणी यांच्यावर संशय घ्या. दिवसभर सारखाच कोमट, पळतानाही आणि उभ्यानेही, असं असेल तर गॅस, कंप्रेसर किंवा हीटरची गरम हवा मिसळणं यांपैकी एक.

एक गोष्ट बिघाड समजू नका. भरलेली गाडी कसारा किंवा खंबाटकी चढत असताना मधेच एसी कट होत असेल तर टेम्परेचरचा काटा बघा. इंजिन जास्त तापलं की, आणि काही गाड्यांत ॲक्सिलरेटर तळाला लागला की, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) कंप्रेसर मुद्दाम बंद करतो. तिथे एसीवाल्याकडे जाऊन उपयोग नाही. रेडिएटर, थर्मोस्टॅट आणि कूलंट यांची तपासणी करून घ्या.

थर्मामीटरने मोजा, तळहाताने नाही

उन्हात तापलेल्या माणसाला पंचवीस अंशांची हवाही गार लागते. म्हणून आकडा हवा. गाडी सावलीत उभी करा, बोनेट बंद ठेवा, काचा बंद. एसी चालू, ब्लोअर दोनवर, हवा आतल्या आत फिरवायचं बटण लावलेलं. रेस १५०० आरपीएमवर धरा. थर्मामीटरचं टोक मधल्या जाळीत दोन बोटं आत सरकवा आणि दहा मिनिटं थांबा. नंतर रेस सोडून स्लोवर तीन-चार मिनिटांनी पुन्हा वाचा.

बाहेर ३५ अंश आणि हवा कोरडी असेल, तर चांगल्या एसीची हवा साधारण ७ ते ११ अंशांना येते. स्लोवर तीन-चार अंश जास्त. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात मे-जूनच्या दमट हवेत हाच एसी १० ते १४ दाखवील आणि तरी तो ठणठणीत असेल. कॉइलची बरीचशी ताकद हवेतल्या वाफेचं पाणी करण्यात जाते. गाडीखाली पाण्याची धार लागलेली दिसते ती हीच. दमट दिवशी एसी अर्धा तास चालवूनही खाली थेंब पडत नसेल, तर एक तर कॉइल गारच होत नाही, नाहीतर पाणी जायची नळी तुंबली आहे. क्लीनर बाजूचं, म्हणजे ड्रायव्हरशेजारचं, मॅट उचलून बघा. खाली ओल असेल तर नळी तुंबलेली. ती खालून पातळ तारेने हळूच मोकळी करा. कॉइलला टोक लागू देऊ नका.

मोजलेले दोन्ही आकडे आणि बाहेरचं तापमान कागदावर लिहून ठेवा. पुढे काहीही दुरुस्त केलं की पुन्हा याच पद्धतीने मोजायचं.

केबिनच्या आतले चोर

पहिला चोर हीटर. बहुतेक पिकअपमध्ये गरम-थंडचं बटण केबलने एक झडप किंवा गरम पाण्याचा कॉक फिरवतं. केबलची क्लिप सरकली की बटण पूर्ण निळ्यावर असूनही झडप अर्धवट उघडी राहते. एसीने गार केलेल्या हवेत इंजिनच्या ऐंशी-नव्वद अंशांच्या पाण्याची ऊब मिसळते. याची खूण अशी की इंजिन थंड असताना पहिली पाच मिनिटं एसी उत्तम चालतो आणि इंजिन तापलं की ढेपाळतो. खात्री करायची तर इंजिन गार असताना फायरवॉलमधून हीटरकडे जाणाऱ्या दोन रबरी नळ्यांपैकी एक होज क्लँपने दाबून बंद करा. नुसत्या पकडीने दाबलीत तर नळी फाटेल, म्हणून मध्ये जाड कापड घ्या. मग गाडी तापवून पुन्हा मोजा. आकडा चार-पाच अंशांनी उतरला, तर एसीत काही दोष नाही. कॉक किंवा केबलचं काम आहे.

दुसरा चोर बाहेरच्या हवेचं झाकण. आतली हवा फिरवण्याचं बटण लावूनही झाकण पूर्ण बंद होत नसेल, तर बोनेटखालची तापलेली हवा आत येते. बटण इकडून तिकडे केल्यावर ब्लोअरचा आवाज बदलायला हवा. बदलत नसेल तर झाकण हलत नाही.

तिसरा चोर हवेचाच तुटवडा. ब्लोअर चारही वेगांवर चालतो का बघा. फक्त शेवटच्या वेगावर चालत असेल तर रेझिस्टर गेला. केबिन फिल्टर असेल तर काढून प्रकाशासमोर धरा. कित्येक पिकअपमध्ये हा फिल्टर नसतोच. अशा गाडीत शेतरस्त्याची सगळी माती थेट कूलिंग कॉइलवर बसते. ओल्या कॉइलवर धूळ बसून तिचा चिखल होतो, वर केस, कापसाचे तंतू चिकटतात आणि कॉइलच्या पाठीवर गोधडी तयार होते. ब्लोअर काढून त्या भोकातून टॉर्च मारली की दिसतं. कॉइल क्लीनर फवारून धुता येते, पण थर फारच जाड असेल तर डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

गिअर लिव्हरचं फाटलेलं रबर, केबिनच्या तळातली निघालेली बुचं, मागच्या सरकत्या काचेची फट, दाराचं चेपलेलं रबर ही यादी किरकोळ दिसते. पण गिअरबॉक्सच्या बाजूने येणारी हवा इतकी तापलेली असते की एक बोटभर फटही लहान केबिनला जाणवते.

कंडेन्सर आणि पंखा: इथे वेळ द्या

पिकअपच्या कमजोर एसीचं सर्वांत मोठं कारण बोनेटच्या अगदी पुढे असतं, आणि ते सहसा बिनखर्चाचं किंवा कमी खर्चाचं निघतं. केबिनमधून उचललेली सगळी उष्णता कंडेन्सरने बाहेर फेकायची असते. त्यातून हवा गेली नाही तर गॅस नीट द्रव होत नाही, हाय साइडचं (कंप्रेसरनंतरच्या बाजूचं) प्रेशर चढतं, कंप्रेसरवर भार येतो आणि आत हवा कोमट.

जाळीतून टॉर्च मारा. कंडेन्सर पुढून स्वच्छ दिसला तरी समाधान मानू नका. खरा कचरा कंडेन्सर आणि त्याच्या मागच्या रेडिएटर-इंटरकूलरच्या फटीत अडकतो. उसाचं पाचट, कांद्याची फोलपटं, कापूस, माशा, आणि या सगळ्यावर इंजिनच्या ब्रीदरमधून उडालेल्या तेलाचा चिकट हात. वरचे बोल्ट ढिले करून, पाइप न उघडता, कंडेन्सर इंचभर पुढे झुकवता आला तर ही फट दिसते. धुताना पाणी मागून पुढे मारा, म्हणजे आलेल्या वाटेने कचरा परत जातो. वॉशिंग सेंटरची गन जवळून लावलीत तर फिन आडव्या होतात आणि होता तेवढाही वारा बंद होतो. साधा पाइप आणि साबणाचं पाणी पुरतं.

कंडेन्सरच्या चारी बाजूंना फोमच्या किंवा रबराच्या पट्ट्या असतात. ॲक्सिडेंटच्या कामानंतर त्या हमखास गायब होतात. मग उभ्या गाडीत रेडिएटरमागची गरम हवा बाजूने वळसा घालून पुन्हा कंडेन्सरच्या तोंडात येते. समोर लावलेले जादा फोकस, लोखंडी गार्ड, जाळीवर बांधलेलं बॅनर यांचाही हिशेब करा. लिंबू-मिरची तेवढी निर्दोष.

आता पंखा. इंजिनवरचा मोठा पंखा विस्कस क्लचवर चालतो. इंजिन थंड असताना तो थोडा घसरतो. रेडिएटरमागची हवा तापली की क्लच पकडतो आणि पंखा मोठ्याने घोंघावू लागतो. ऐन उन्हाळ्यात एसी लावून उभ्या गाडीतही तो आवाज कधीच येत नसेल, तर विस्कस क्लच गेलेला असू शकतो. गाडी पूर्ण तापवून बंद करा, किल्ली काढून घ्या आणि हाताने पंखा फिरवा. एका झटक्यात दोन-तीन फेऱ्या मारत असेल तर आतलं सिलिकॉन तेल निघून गेलं. हबवर बाहेरच्या दिशेने उडालेले तेलकट ओरखडे दिसतात, ती याचीच खूण. काही गाड्यांत कंडेन्सरला वेगळा इलेक्ट्रिक पंखाही असतो. एसी लावल्यावर तो चालू होतो का बघा.

पंख्याची दिशाही तपासा. गाडी स्लोवर, एसी चालू, आणि एक जाड कागद पुढच्या जाळीवर बाहेरून टेकवा. कागद चिकटून राहिला तर पंखा हवा आत ओढतोय. कागद गळून पडला तर ओढ नाही. कागद तुमच्याकडे ढकलला गेला तर इलेक्ट्रिक पंख्याच्या वायरी उलट जोडल्या आहेत. मोटर बदलल्यानंतर ही चूक वरचेवर होते, आणि पंखा "फिरतोय" म्हणून कुणी तिकडे बघतही नाही.

शेवटी पाण्याची परीक्षा. स्लोवर एसी चालू ठेवून हातपंपाने कंडेन्सरवर पुढून पाण्याचा बारीक फवारा मारत राहा, आणि दुसऱ्या कुणाला केबिनमधला थर्मामीटर वाचायला सांगा. दोन-तीन मिनिटांत आकडा चार अंश किंवा जास्त उतरला, तर गॅसचा विषय सोडा. हवा, पंखा किंवा कचरा यांतच दोष आहे. हात आणि सैल कपडे पंखा व बेल्टपासून लांब ठेवा. इलेक्ट्रिक पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो.

बेल्ट, क्लच आणि वीज

एसी लावताना "टक" आवाज आला पाहिजे आणि कंप्रेसरच्या पुलीपुढची प्लेट पुलीबरोबर फिरली पाहिजे. पुली नेहमीच फिरते, तिच्यावरून काही कळत नाही. बेल्ट काचेसारखा चकचकीत झाला असेल किंवा लांब भागावर अंगठ्याने दाबल्यावर सेंटिमीटरपेक्षा बराच जास्त खाली जात असेल, तर तो भार आल्यावर घसरतो.

क्लचमधला एक बिघाड नवख्यांना फार चकवतो. प्लेट आणि पुली यांच्यातली फट साधारण ०.३ ते ०.६ मिलिमीटर असते. वर्षानुवर्षं घासून ती वाढत जाते. थंड असताना क्लच पकडतो. बोनेटखाली तापलं की क्लचच्या चुंबकी कॉइलचा विद्युतरोध वाढतो, करंट कमी होतो, चुंबकाची ओढ कमी पडते आणि वाढलेली फट ओलांडता येत नाही. सकाळी एसी उत्तम, दुपारी दोनला बंद. फीलर गेजने तीन ठिकाणी फट मोजा. वाढलेली असेल तर पुष्कळ कंप्रेसरमध्ये प्लेटमागचा एक पातळ शिम (चकती) काढला की काम भागतं. कंप्रेसर बदलायची गरज नसते.

क्लच पकडतच नसेल तर फ्यूज, मग रिले. रिले बॉक्समध्ये त्याच नंबरचा दुसरा रिले असेल तर अदलाबदल करून बघा. क्लच कॉइलचा विद्युतरोध १२ व्होल्टच्या गाडीत साधारण ३ ते ५ ओहम असतो. इंजिन चालू असताना कॉइलच्या वायरवर बॅटरीइतकेच, म्हणजे १३.५ च्या आसपास व्होल्ट मिळायला हवेत. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर रिलेचा पॉइंट, कनेक्टर किंवा अर्थिंग खराब. कॉइलपर्यंत वीजच येत नसेल तर प्रेशर स्विच, कूलिंग कॉइलचा थर्मिस्टर (तापमान मोजणारा सेन्सर) आणि ईसीएम यांपैकी कुणीतरी ती अडवून धरली आहे. प्रेशर स्विच सहसा दोन कारणांनी कापतो. सुमारे ३० पीएसआयच्या (हे प्रेशरचं एकक) खाली, म्हणजे गॅस उडालाय, आणि ४५० च्या आसपास, म्हणजे कंडेन्सर गुदमरलाय. तो स्विच वायरने शॉर्ट करून गाडी रस्त्यावर आणणं म्हणजे कंप्रेसरला तेलाविना फिरवणं. तेल गॅसबरोबरच फिरतं. गॅस नाही तर तेलही नाही.

गेज लावल्यावर

सगळ्यात आधी गाडीवरचं लेबल वाचा. बोनेटच्या आतल्या बाजूला किंवा रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर गॅसचा प्रकार आणि वजन ग्रॅममध्ये दिलेलं असतं. इथल्या पिकअपमध्ये सहसा आर-१३४ए असतो आणि एका केबिनच्या गाडीत तो साधारण अर्धा किलोच्या आसपास मावतो. जाड, गार पाइपावरचा पोर्ट लो साइडचा (कंप्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसचा), बारीक पाइपावरचा हाय साइडचा. दोन्हींचे कपलर वेगळ्या मापाचे असतात, त्यामुळे उलटे बसत नाहीत. चष्मा आणि हातमोजे घाला. आर-१३४ए उघड्यावर उणे २६ अंशांना उकळतो. डोळ्यात उडाला तर डोळा जायबंदी होतो.

पहिलं वाचन गाडी रात्रभर उभी असताना, सकाळी, इंजिन न चालवता. दोन्ही काटे सारखे दिसतील. सिस्टिममध्ये थोडा जरी द्रव गॅस असला तरी हा आकडा फक्त तापमानावर ठरतो: २५ अंशांना साधारण ८२ पीएसआय, ३० ला ९७, ३५ ला ११४, ४० ला १३३. म्हणजे उभ्या गाडीचं प्रेशर "बरोबर" आहे यावरून गॅस पुरेसा आहे असं ठरत नाही. दोनशे ग्रॅमलाही हाच आकडा येईल. आकडा कमी असेल तर मात्र गॅस जवळजवळ उडालेला आहे. आणि २५ अंशांच्या सकाळी काटा शंभरच्या वर उभा असेल, तर आत हवा शिरली आहे किंवा कुणीतरी वेगळाच गॅस मिसळला आहे. घरच्या जुन्या एसीचा आर-२२ याच तापमानाला १३७ दाखवतो. स्वस्त कॅनमध्ये एलपीजीच्या जातीचा जळणारा गॅसही सापडतो. अशी सिस्टिम पूर्ण रिकामी करूनच पुन्हा भरावी लागते.

मग गाडी सुरू करा. रेस १५००, एसी पूर्ण, दारं उघडी, ब्लोअर जोरात. बाहेर ३५ अंशांना साध्या कंप्रेसरच्या गाडीत लो साइड ३० ते ४५ आणि हाय साइड २०० ते २५० पीएसआयच्या दरम्यान असावी. ४० अंशांना हाय साइड २३०-२७० पर्यंत जाते.

दोन्ही काटे खाली असतील तर गॅस कमी. पण एक्स्पान्शन व्हॉल्व्हवर (द्रव गॅस बारीक तोंडातून कूलिंग कॉइलमध्ये सोडणारा) किंवा बारीक पाइपाच्या एखाद्याच जागी दव अथवा बर्फ दिसत असेल, तर तिथे अडथळा आहे. ड्रायर (ओलावा शोषणारी डबी) किंवा व्हॉल्व्ह तुंबलाय, गॅस घालू नका.

दोन्ही काटे वर असतील तर आधी पाण्याचा फवारा मारा. हाय साइड झपाट्याने खाली आली तर हवेचा प्रश्न. फारसा फरक पडला नाही तर गॅस जास्त भरलेला आहे किंवा आत हवा आहे. छोट्या सिस्टिममध्ये शंभर ग्रॅम जादा गॅसही पुरेसा त्रास देतो. कंडेन्सरचा खालचा भाग द्रवानेच भरून जातो आणि उष्णता टाकायला जागा उरत नाही.

लो साइड वर आणि हाय साइड खाली, दोघांतलं अंतर कमी, तर कंप्रेसर दाबच तयार करत नाही. बंद केल्यावर काही सेकंदांत काटे एकमेकांना भेटले तर कंप्रेसरच्या आतल्या रीड व्हॉल्व्हवरचा (पातळ पट्ट्यांच्या झडपांवरचा) संशय पक्का. हा निकाल लावण्याआधी बेल्ट आणि क्लच घसरत नाहीत ना हे नक्की बघा, कारण कंप्रेसर हा या कामातला सगळ्यात महाग भाग.

लो साइड हळूहळू शून्याखाली, निर्वाताकडे सरकते, गार हवा बंद होते आणि थोड्या वेळाने सगळं आपोआप ठीक होतं, हा पाण्याचा खेळ. आतला ओलावा एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक तोंडाशी गोठतो, वाट अडते, वितळतो, वाट मोकळी. ड्रायर बदलून लांब व्हॅक्यूम हाच उपाय. कूलिंग कॉइलवर बर्फ धरण्याशी याची गल्लत होते. तिथे ब्लोअरचा झोत कमी होतो, इथे झोत तसाच राहतो, फक्त गरम होतो. कॉइलवर बर्फ धरत असेल तर थर्मिस्टर तपासा. कॉइल एक ते तीन अंशांवर आली की त्याने कंप्रेसर थांबवायला हवा. तो कॉइलच्या फिनमधून निसटलेला असला तरी असंच होतं.

दोन्ही आकडे बरोबर आणि तरी आत कोमट? परत केबिनकडे जा. हीटरच्या नळीची परीक्षा बहुधा राहून गेली आहे.

इन्फ्रारेड थर्मामीटरने पाइप तपासणाऱ्यांसाठी एक सूचना: चकचकीत ॲल्युमिनियमवर तो साफ खोटं बोलतो. पाइपावर काळी टेप गुंडाळा आणि टेपवर नेम धरा.

गळती शोधताना

गॅसबरोबर तेल बाहेर येतं आणि त्यावर धूळ चिकटते. म्हणून गाडी धुण्याआधी गळती शोधा. कंप्रेसरच्या क्लचभोवती आणि बोनेटच्या आतून एका रेषेत तेल उडालेलं असेल तर शाफ्ट सील. कंडेन्सरवर एकच तेलकट डाग असेल तर दगड लागलाय. पाइपांचे जोड आणि इंजिनच्या हादऱ्याने पाइप जिथे चेसिसला घासतो त्या जागा नीट बघा. पोर्टची टोपी काढून आतल्या पिनवर साबणाचा एक थेंब टाका. फुगा आला तर पिन बदला, ती अगदी स्वस्त असते. प्लास्टिकची ती टोपी आतल्या रबरासकट जागेवर हवी, गळतीपुढची शेवटची आडकाठी तीच.

डोळ्यांना काही दिसलं नाही तर यूव्ही डाय (अतिनील प्रकाशात चमकणारा रंग) घालून आठवडाभराने यूव्ही दिव्याखाली बघता येतं. रिकाम्या सिस्टिममध्ये गळती शोधायची असेल तर रेग्युलेटर लावून कोरडा नायट्रोजन १५० पीएसआयपर्यंत भरा आणि जोडांना साबण लावा. गॅरेजचा हवेचा कंप्रेसर वापरलात तर आत पाणी घालाल. ऑक्सिजन वापरलात तर तेलाबरोबर स्फोट होईल.

व्हॅक्यूम आणि वजन

सिस्टिम उघडली की ड्रायर आणि उघडलेल्या जोडांचे ओ-रिंग नवे. आर-१३४ए ला चालणारेच घ्या, ते बहुधा हिरवे मिळतात. फिटरने पेट्रोल किंवा डिझेलने पाइप धुवायला काढले तर थांबवा. उरलेलं पेट्रोल कंप्रेसरच्या तेलाची वाट लावतं. कंप्रेसर फुटून काळा गाळ पसरला असेल तर आजकालचा बारीक नळ्यांचा कंडेन्सर धुऊन निघत नाही, तो बदलावाच लागतो. तेल त्याच ग्रेडचं, बहुधा पॅग ४६ किंवा १००, आणि जेवढं निघालं तेवढंच घालायचं. नुसता कंडेन्सर बदलला असेल तर साधारण ३०-४० मिली. पक्का आकडा गाडीच्या मॅन्युअलचा.

व्हॅक्यूम पंप किमान ३० ते ४५ मिनिटं चालवा. आतलं पाणी त्या निर्वातात उकळून वाफ होऊन बाहेर पडतं, त्याला वेळ लागतो. पाच मिनिटांत उरकणारा फिटर हवा काढतो, ओलावा आत ठेवतो. मुंबईत व्हॅक्यूमचा काटा २९ इंचांच्या (पाऱ्याच्या) पुढे जायला हवा. पुण्यात समुद्रसपाटीपासूनच्या उंचीमुळे तो २८ च्या आसपासच थांबेल आणि महाबळेश्वरला साडेपंचवीसला, यात पंपाचा दोष नाही. मग कॉक बंद करून पंप थांबवा आणि वीस मिनिटं काटा बघा. हलला तर गळती अजून आहे.

गॅस वजनकाट्यावर भरा, लेबलच्या ग्रॅमइतकाच. इंजिन चालू असताना फक्त लो साइडने, कॅन सरळ उभा धरून. उलटा धरलात तर द्रव कंप्रेसरमध्ये जातो आणि रीड व्हॉल्व्ह तुटतात. कॅन जोडलेला असताना आणि इंजिन चालू असताना हाय साइडचा कॉक चुकूनही उघडू नका, प्रेशर उलटं कॅनमध्ये जाऊन तो फुटतो. कॅन रिकामा होत नसेल तर कोमट पाण्यात ठेवा, ४० अंशांच्या वर नाही, आणि ज्योत तर नाहीच. जवळपास विडी-सिगारेटही नको. आर-१३४ए ज्योतीत गेला की विषारी वायू तयार होतो. जुना गॅस हवेत सोडू नका. त्याचा तापमानवाढीवरचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट धरला जातो. ज्यांच्याकडे गॅस काढून घेण्याचं मशिन आहे अशा ठिकाणी तो काढून घ्या. मशिनने किती ग्रॅम निघाले ते विचारा. लेबलवरच्या आकड्याशी ताडून पाहिलं की तक्रारीचं निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

भरून झाल्यावर सुरुवातीची मोजणी त्याच पद्धतीने पुन्हा करा: १५०० वर एक, स्लोवर एक. मग बोनेटच्या आत लेबलशेजारी मार्करने तारीख, भरलेले ग्रॅम, घातलेलं तेल आणि दोन्ही काट्यांचे आकडे लिहून ठेवा. पुढच्या उन्हाळ्यात गाडी दुसऱ्या मिस्त्रीकडे गेली तर त्याला सुरुवात कुठून करायची ते कळेल.